व्हॅन माझी, कुलूप कंपनीचं

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी आमच्या जीपच्या रेडिएटरमध्ये खंडोबाचा भंडारा ओतला होता. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण आमच्या अणदुरात माझी खरी ओळख तीच आहे. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, गावातली निम्मी पोरं माझ्याकडं बाराखडी शिकली, पण स्टँडवर कुणी नवखा माणूस माझं घर विचारायला लागला, की जुनी माणसं आजही म्हणतात, "खोबरंवाल्या बाईंचं व्हय? सरळ जा, देवळाच्या अलीकडं."

तर ते असं झालं. त्या काळी रेडिएटर गळायला लागलं की त्यात मूठभर हळद टाकायची, हा आमच्या भागातला सर्वमान्य इलाज होता. गरम पाण्यात हळद फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. आमचे हे शेतातून आले, जीप दारात उभी केली, पुढचं झाकण उघडलं आणि हात धुवायला आडाकडं जाता जाता ओरडले, "पाणी गळतंय गं, हळद टाक जरा त्यात!"

त्या वेळची मी म्हणजे काय सांगू! डी.एड. झालेली, सासरी सगळ्यांत जास्त शिकलेली, त्यामुळं काही विचारणं म्हणजे कमीपणा. हळद कशाला, किती, कुठली, हे विचारलं असतं तर अडाणी ठरले असते. डबा उघडला, तर हळद नाही. हळद संपली हे सासूबाईंना सांगायचं, म्हणजे आधी ती संपली कशी याची चौकशी बसणार. समोर देव्हाऱ्यात भंडाऱ्याची पिशवी. भंडारा म्हणजे हळदच, वर देवाची. गाडीला दुप्पट लागू पडेल, असा विचार त्या शिकलेल्या डोक्यानं केला आणि आख्खी पिशवी रिकामी केली.

भंडाऱ्यात सुक्या खोबऱ्याचे तुकडे असतात. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण उधळलेल्या भंडाऱ्यातलं खोबरं वेचायलाच पोरं देवळात जातात. मलाही माहीत होतं. पण शिकलेल्या बाईला एका वेळी किती गोष्टी आठवणार?

गळती थांबली. आतलं पाणी फिरायचंही थांबलं. नळदुर्गाच्या चढावर जीपनं अशी वाफ सोडली, की मागचे गाडीवाले उतरून कालवणाचा वास कुठून येतोय ते शोधत होते. मेस्त्रीनं रेडिएटर खोललं, तारेनं एकेक तुकडा बाहेर काढला आणि आमच्या ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडून ठेवला. सासूबाईंनी आधी ते खोबरं बघितलं, मग मला बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "देवाचा प्रसाद हाय. सगळ्यांस्नी वाट."

इतकी वर्षं मी ही गोष्ट दुसऱ्यांना हसवायला सांगत आले. अलीकडं मात्र तिच्यातलं काहीतरी मला वेगळं दिसायला लागलंय. माझी चूक येडपट होती खरी, पण ती खोलता आली. ती दिसली, काढता आली, ओसरीवर मांडता आली. आत काय झालंय हे गाडीनं कुणापासून लपवलं नाही.

आता व्हॅनचं सांगते.

निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे आले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, काशीला जा, बांगड्या कर, नातवाच्या नावानं ठेव. मी गाडी चालवायला शिकले आणि छोटी व्हॅन घेतली, मागं सामान ठेवता येईल अशी. शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी देवाचं नाव घेऊन बसला आणि शेवटच्या दिवशीही देवाचंच नाव घेत उतरला. पण मला आलं. व्हॅन माझ्या नावावर, कागद माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळी गंमत इथंच आहे.

मुलगा पुण्यात नोकरीला असतो. सूनबाईला पुणं मानवलं नाही, तिला रान मानवलं. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात तिनं विहिरीकडच्या तुकड्यात झेंडू आणि शेवंती लावली. तुळजापूरला देवीच्या वाटेवर हारांचं मोठं दुकान आहे, तिथल्या मालकाला जाऊन भेटली. तो माणूस नव्या लोकांवर विश्वास टाकणारा नव्हे. म्हणाला, "नवरात्रात रोज पहाटे माल पाहिजे. गर्दी वाढली की पोलीस रस्ते बंद करतात, त्याच्या आत. घटस्थापनेलाच चुकलात तर मी दुसरा माणूस बघीन, आणि परत यायचं न्हाय."

"चुकणार न्हाय," सूनबाई म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "आत्या, तुमच्या व्हॅनच्या जिवावर शब्द देऊन आले."

तिचा हा पहिलाच मोठा शब्द. मी म्हटलं, "दिलास ना? मग झालं. तू फुलं बघ, गाडी मी बघते."

असं बोलायला काही लागत नाही. घटस्थापना तोंडावर आली, झेंडू सोन्यासारखा फुलला, आणि रानातून येताना व्हॅनच्या काट्यांजवळ एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. मी पाय दाबला, गाडीनं ऐकलं नाही. अजून दाबला, तर ती नुसती घरघरली आणि दमेकरी म्हाताऱ्यासारखी रेंगाळत चालली. बाजूनं सायकलीवर एक गडी गेला, वळून बघून म्हणाला, "बाई, उतरून ढकलू का?"

दुसरं वाहन बघावं, तर नवरात्रात आमच्याकडची सगळी टेंपो-जीप भाविकांनी आधीच ठरवलेली असतात. एसटीत माणूस उभा राहायला जागा नाही, तिथं फुलांच्या करंड्या कोण घेणार? आणि घेतल्या तरी तुळजापुरात उतरवताना त्यांचा चेंदा झालेला.

म्हणून गाडी रांगत रांगत हायवेवरच्या मेस्त्रीकडं नेली. खोबरं काढणाऱ्या मेस्त्रीचाच हा मुलगा. हा बापासारखा अबोल नाही, तोंडाचा फटकळ आणि बढाईखोर. बोनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "बाई, एकदा खरं सांगा. यात खोबरं तर न्हाय ना घातलं?"

"तुझ्या लग्नात वाटायला ठेवलं होतं, तेवढंच उरलंय. बघ काय झालंय ते."

"या हायवेवर माझ्या हाताखालनं न गेलेलं इंजिन न्हाय. संध्याकाळच्या आत घेऊन जावा."

संध्याकाळी त्यानं प्लग साफ केलेली गाडी दिली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, झाली म्हणून. गाडी देवळापर्यंत गेली आणि परत तशीच. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी काहीतरी पुसलं, बसवलं. परत तेच. मग मात्र मी त्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले आणि म्हटलं, "तू बघतोयस का अंदाज करतोयस?"

त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला. मग त्यानं ड्रॉवरमधून हातात मावेल एवढं एक यंत्र काढलं, त्याची तार स्टिअरिंगखालच्या भोकात लावली आणि पडदा माझ्यापुढं धरला. वर इंग्रजीत आलं होतं, प्रवेश नाही.

"बाकीच्या गाड्या ह्या मशीनशी बोलत्यात, बाई. काय दुखतंय ते सांगत्यात. तुमची म्हणती, आधी कंपनीचा परवाना दाखव."

"मग घे की परवाना."

"देत न्हाईत. त्यांच्या सोलापूरच्या शोरूमलाच. मागं मी फोन केला, पैसे देतो म्हटलं, पुस्तक तरी द्या म्हटलं. बाहेरच्याला न्हाय म्हणले." मग त्याचा आवाज चढला. "म्हणून अंदाजानं औषध द्यावं लागतंय! बिघाड गाडीला म्हाईत, कंपनीला म्हाईत. न्हाय म्हाईत ते तुमाला आन् मला!"

त्याचा तिसरा अंदाज बरोबर निघाला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी एक झडप असते, ती अडकत होती. त्यानं ती काढून मला दाखवली, बोटानं हलवून. मला कळलं. ती बदलायची. सोलापूरच्या पार्टच्या दुकानातून त्याच कंपनीची, त्याच शिक्क्याची नवी झडप सकाळच्या एसटीनं मागवली, बसवली, आणि किल्ली फिरवली.

पिवळा दिवा तसाच. गाडी तशीच रांगती.

मेस्त्रीनं कपाळावर हात मारला. "पार्ट बसला, बाई. पण गाडी त्याला वळखंना. कंपनीच्या कॉम्प्युटरनं ओळख करून दिल्याशिवाय ती न्हाय वळखायची."

मला हसूच आलं. मी लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी कितीतरी दिवस मला नावानं हाक मारली नव्हती, 'ए पोरी' म्हणायच्या. पण त्यांना निदान सोलापूरहून परवानगी आणावी लागत नव्हती.

मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, आधीच शोरूमला द्यायची होती ना. आता बाहेरचा हात लागलाय म्हणतील."

"अरे, वॉरंटी संपून गेली की. माझी गाडी, माझा मेस्त्री."

"तसं नसतं आता, आई."

ते 'तसं नसतं आता' माझ्या डोक्यात बसलं. कसं असतं मग? आणि कुणी ठरवलं?

घटस्थापनेला मधे एकच दिवस उरला होता. सूनबाईनं उद्याच्या तोडणीला बायका सांगून ठेवल्या होत्या. तिचा चेहरा उतरलेला. म्हणाली, "आत्या, दुकानवाल्याला फोन करून सांगू का, जमत नाही म्हणून?"

"तू फोनला हात लावायचा न्हाय. मी सोलापूरला जाते."

"ह्या गाडीनं? एकट्या?"

"ह्याच गाडीनं. रांगत का होईना, चालते ना?"

भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून घेतला, दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच निघाले. हायवेच्या अगदी डाव्या कडेनं, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवून. ट्रकवाले हॉर्न मारत, ट्रॅक्टरवाले हात हलवत पुढं जात. नळदुर्गाच्या चढाला तर मला वाटलं, आता ही मागं सरते. त्याच चढावर माझ्या खोबऱ्यानं जीप उकळली होती. तेव्हा ती नवी नवरी डोक्यावर पदर ओढून शेजारच्या सीटवर बसली होती आणि नवरा विचारत होता, "टाकलंस काय गं तू त्यात?" आणि ती म्हणत होती, "तुमीच सांगितलेलं." त्या पोरीला आज शेजारी बसवलं असतं, तर तिनं मला उलट फिरायला लावलं असतं. तिला भीती लई. चारचौघांत कुणी 'तुम्हाला काय कळतं' म्हणेल याची. मला आता ती भीती राहिलेली नाही. लोक काय काय म्हणून गेलेत आधीच.

शोरूमची काच इतकी स्वच्छ, की मी दारालाच धडकले. आत गार वारा, मऊ खुर्च्या. काउंटरवर गळ्यात कार्ड घातलेली एक सोलापूरची मुलगी. तिला मी ओळखत होते. व्हॅन नवी असताना सर्व्हिसिंगला यायची तेव्हा हीच असायची, आणि दर वेळी निघताना अजिजीनं सांगायची, "आज्जी, कंपनीतनं फोन येतो की ओ, दहापैकी दहा गुण द्या, नऊ दिलं तरी आमचं नाव जातंय." मी म्हणायचे, मास्तरीण आहे मी, फुकट गुण देत नाही. पण द्यायचे.

तिनं गाडी आत घेतली आणि थोड्या वेळानं परत आली.

"आज्जी, पार्ट बाहेरचा बसवलाय तुम्ही."

"तुमच्याच कंपनीचा आहे. शिक्का बघ. बिलही आहे."

"हो की. पण आमच्या स्टोअरमधनं निघालेला नाही ना. सिस्टीम घेत नाही म्हणतात सर. आमच्याकडचा मागवायला लागतोय, यायला बरेच दिवस लागतील."

"अगं, पार्ट बसलाय. त्याची नुसती ओळख करून द्यायची. तेवढं यंत्र तुमच्याकडं आहे?"

"आहे की."

"ते चालवणारा माणूस आहे?"

"आहे."

"मग अडलं कुठं?"

ती कसनुशी हसली. "पॉलिसी आहे, आज्जी."

"बरं. मग गाडीत काय बिघाड दिसतोय, तेवढं तरी मला सांग. मी माझ्या मेस्त्रीला सांगते."

"ती माहिती ग्राहकाला देत नाही ओ."

"गाडी कुणाची?"

"तुमचीच की."

"बिघाड कुणाचा?"

"तुमच्याच गाडीचा."

"आणि माहिती?"

तिनं आतल्या साहेबांना बोलावून आणलं. साहेब चाळिशीचे, बोलायला गोड. मॅडम मॅडम करत त्यांनी मला समजावलं, की हल्लीच्या गाड्या फार नाजूक, बाहेरच्या माणसानं हात लावला तर अपघात होऊ शकतो, म्हणून हे सगळं तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.

मी म्हटलं, "साहेब, सुरक्षेचं मला मान्य. मी स्वतः एकदा गाडीत खोबरं घातलंय, माझ्यासारख्या माणसांपासून गाडी वाचवायलाच पाहिजे. म्हणून तर तुमच्याकडं आणली. तुम्ही हुशार, तुमचं यंत्र हुशार. लावा की मग. नाही लावत, आणि दुसऱ्यालाही लावू देत नाही, ही कसली सुरक्षा?"

"मॅडम, सिस्टीमच तशी आहे."

मला एकदम आमचा देव आठवला. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गाचा खंडोबा, मूर्ती एकच. वर्षातले बरेचसे महिने देव आमच्याकडं राहतो, थोडे नळदुर्गाकडं. नेताना दोन्ही गावची मानकरी माणसं बसतात, कुणी कधी आणायचा, कधी परत न्यायचा ते ठरतं, लिहिलं जातं, आणि पालखी निघते. भांडणं होत नसतील असं नाही. पण देव आमचा म्हणून गाभाऱ्याची किल्ली घेऊन कुणी पसार होत नाही.

हे मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलंही. मग म्हणाले, "मॅडम, देवाची गोष्ट वेगळी."

"वेगळीच. देव मी विकत घेतलेला नाही. गाडी घेतलीय."

पलीकडच्या खुर्चीतला एकजण फिस्सकन् हसला. साहेबांचे कान लाल झाले. मी आवाज चढवला नाही. वर्गात खरी शिस्त हळू आवाजानंच येते, हे शिकायला मला अर्धी नोकरी लागली होती. आधीची वर्षं मी नुसती ओरडत असे आणि पोरं माझ्या आवाजाची नक्कल करत.

"साहेब, दोनांतली एक गोष्ट करा," मी म्हटलं. "एक तर पार्टाची ओळख करून द्या. नाहीतर मला लिहून द्या, की पार्ट खरा आहे, यंत्र आहे, माणूस आहे, आणि तरीही आम्ही हे काम करणार नाही. खाली सही आणि शिक्का. दोन्हीतलं एक मिळेपर्यंत मी इथं बसते. तुमच्या खुर्च्या मऊ आहेत."

"असं लिहून देता येत नाही, मॅडम."

"मग पहिलं करा."

ते आत गेले. मी बसले. काचेतून माझी व्हॅन दिसत होती, दोन मोठ्या चकचकीत गाड्यांच्या मधे, मागच्या काचेला रानातला चिखल लागलेली. सूनबाईचा फोन आला. "आत्या, निम्मं रान तोडून झालं. करंड्या भरू का सावलीत ठेवू?"

भर म्हणावं, आणि गाडी मिळाली नाही तर? सावलीत ठेव म्हणावं, तर तिनं ओळखलं असतं. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, ही फोनची एक सोय.

"भर," मी म्हटलं.

मग मी फडकं सोडलं. भाकरी, चटणी, कांदा बुक्कीनं फोडला. त्या गार वाऱ्यात कांद्याचा वास जो पसरला, तो थेट आतल्या केबिनपर्यंत गेला असणार. काउंटरवरची मुलगी माझ्याकडं आली आणि वाकून म्हणाली, "आज्जी, इथं जेवायला परवानगी नाही ओ."

"ये, तूही घे घास. आणि कंपनीचा फोन उद्या येईल ना गं, गुणांचा?"

तिचा चेहरा पडला. "येईल की."

"मी यंदा पेपर नीट तपासणार आहे."

"आज्जी, माझं नाव जाईल ओ! मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस, तेच तर म्हणते. उद्या घटस्थापना आहे. माझ्या सुनेनं तुळजापूरला फुलं द्यायचा शब्द दिलाय. फुलं तोडून करंड्यांत पडलीत, आणि ही गाडी इथं तुमच्या यंत्राच्या ओळखीसाठी उभी आहे. एवढं आत जाऊन सांग. गुणांचंही सांग, लाजू नकोस."

ती गेली. केबिनचं दार काचेचं, त्यामुळं बोलणं ऐकू आलं नाही तरी हातवारे दिसत होते. ती आधी हळू बोलली, मग हात हलवून बोलली, मग तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी भाकरी वर करून दाखवली, घेणार का म्हणून.

मुलगी एक कागद घेऊन आली. बाहेर बसवलेल्या पार्टाची जबाबदारी माझी, असं त्यावर होतं. मी म्हटलं, "माझीच आहे, मी कधी नाही म्हटलं?" सही केली, आणि त्याची एक प्रत मागून घेतली.

निळ्या कपड्यांतला एक माणूस आला, व्हॅनमध्ये बसला, स्टिअरिंगखालच्या त्याच भोकात तार लावली, ज्यात आमच्या मेस्त्रीनं लावली होती. पडद्यावर काहीतरी दाबलं. किल्ली फिरवली, बंद केली, परत फिरवली. पिवळा दिवा गेला. इंजिनाचा आवाज गोल झाला.

माझ्या हातात अजून अर्धी भाकरी होती. एवढ्याशा कामासाठी मी पहाटेपासून हायवे रांगत आले होते.

जाताना मुलगी दारापर्यंत आली. "आज्जी, गुण द्याल ना ओ?"

"बघू, पेपर कसा गेलाय त्यावर."

परतीच्या वाटेवर नळदुर्ग कधी मागं पडलं कळलंही नाही. मेस्त्रीच्या शेडपुढं हॉर्न वाजवला. तो पळत बाहेर आला, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "बघा! म्या म्हटलं नव्हतं, झडप हाय म्हणून?"

"तिसऱ्या खेपेला म्हटलंस."

"गाडीचं दुखणं मला बघू दिलं असतं तर पहिल्या खेपेला म्हटलं असतं, बाई." हे म्हणताना मात्र तो हसत नव्हता.

घटस्थापनेच्या पहाटे आम्ही तुळजापुरात शिरलो तेव्हा पोलीस बांबू आडवे टाकत होते. सूनबाई खिडकीतून ओरडली, "दादा, देवीची फुलं हायती!" आणि आम्ही शेवटच्या फटीतून आत गेलो. दुकानवाल्यानं करंडीत हात घातला, झेंडू मुठीत धरून बघितला, नाकाशी नेला. कौतुक वगैरे काही नाही. नुसतं म्हणाला, "उद्या थोडी शेवंती जास्त आणा." सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. तेवढं बघणं मला पुरेसं होतं.

ऊन वर आल्यावर, रस्ते खुले व्हायची वाट बघत मी दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले असतानाच फोन आला. दूर कुठल्यातरी शहरातली गोड आवाजाची बाई. "मॅडम, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

"काउंटरवरच्या मुलीला दहा," मी म्हटलं. "निळ्या कपड्यातल्या माणसालाही दहा. आणि कंपनीनं माझ्या गाडीला घातलेल्या कुलपाला शून्य."

"सॉरी मॅडम, कुलूप?"

"माझ्या गाडीत काय बिघडलंय ते मला सांगत नाही, माझ्या मेस्त्रीला बघू देत नाही, ते कुलूप. शून्य लिहा, आणि कारण लिहा."

पलीकडं थोडा वेळ बोटांची टकटक ऐकू आली. "मॅडम, त्यासाठी आमच्याकडं वेगळा रकाना नाही."

"नाही ना? मग मी शोधते."

नवरात्र सरलं. नऊही दिवस फुलं वेळेत पोचली. गाडी चालू झाली म्हणून मी आता गप्प बसावं, असं सगळ्यांचं मत होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, झालं ना काम? सोड की आता." मी सोडलंही असतं. पण एका संध्याकाळी करंड्या धुताना सूनबाई सहज म्हणाली, "आत्या, दिवाळीला पण माल मागितलाय त्यांनी. आणि दिवा परत लागला तर?"

मी काय सांगणार होते? परत सोलापूर, परत भाकरी, परत कांदा? दर वेळी कुणाच्या तरी गुणांची भीती दाखवून स्वतःच्याच गाडीची ओळख मागायची? आणि ज्यांना माझ्यासारखं तोंड नाही, त्यांनी काय करायचं?

म्हणून धाराशिवला गेले, ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात त्या कचेरीत. व्हॅन मीच चालवत नेली. मेस्त्री मागच्या सीटवर बसला होता, साक्षीला. वाटभर माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवत होता. कचेरीबाहेर अर्ज टाईप करून देणारा माणूस भेटला. मागणी सरळ होती: माझ्या गाडीतला बिघाड मला दिसला पाहिजे, तो वाचायचं यंत्र आणि दुरुस्तीचं पुस्तक मी निवडलेल्या मेस्त्रीला मिळालं पाहिजे, आणि खरा पार्ट खराच मानला पाहिजे. हे सगळं त्यानं झरझर टाईप केलं. मग मी शेवटचं वाक्य सांगितलं, आणि त्याची बोटं थांबली.

"बाई, हे काढू या. साहेब लोक हसतील."

"हसू देत. मला सवय आहे."

"पण ह्याचा अर्थ काय?"

मेस्त्री मागून म्हणाला, "लिव्हा ओ, त्याचा अर्थ आख्ख्या अणदूरला म्हाईत हाय."

निकाल कधी लागेल माहीत नाही. तारीख पडली की मी जाते. व्हॅन घेऊनच जाते. अर्ज तिथं आहे, आणि त्याच्या शेवटी ते वाक्यही आहे, मी काढू दिलं नाही: 'अर्जदारानं स्वतःच्या गाडीत खोबरं घातलं असेल, तर ते खोबरंसुद्धा अर्जदाराला बघायला मिळालं पाहिजे.'